कुलूप पुरात गेलं

पंचगंगा दुधाळीत, आमच्या छापखान्यात शिरली
तोवर आम्ही मशीन माळ्यावर चढवलं होतं.
स्कॅनर, शाईचे डबे, गणपतीची तसबीर,
सगळं.
राहिलं ते अंगठ्याएवढं निळं कुलूप,
कॉम्प्युटरच्या पाठीत खुपसायचं.
ते असलं तरच अक्षरं उघडायची.

चिखल काढताना सापडलं नाही.

फायली शाबूत होत्या.
एकोणीस वर्षांच्या लग्नपत्रिका,
तालमीच्या पावत्या, दूध संस्थेचे अहवाल.
उघडून बघितलं तर
‘चि. सौ. कां.’च्या जागी
नुसते डॉलर, कंस, तुटके स्वल्पविराम,
जशी नवरी ऐनवेळी तोंड फिरवून बसलेली.

कंपनीतला पोरगा फोनवर गोड बोलला,
“नवीन घ्यावं लागेल, मॅडम.”
आयरेकर मालकांनी आकडा ऐकला,
चष्मा काढला, पुसला, परत घातला.
आकडा तेवढाच होता.

मग मणेरांचा तौफिक आला, पॉलिटेक्निकचा,
वरच्या खिशात पेन ड्राइव्ह.
“ह्यात समदं हाय, कुमुदक्का.
पत्र लिवायचं, पानं लावायची, वेबपेज बी.
पैसं न्हाईत.”
मालक म्हणाले, “फुकट ते पौष्टिक म्हंत्यात,
पर पचत न्हाई रं.”
“फुकट न्हवं मालक,” तो म्हणाला, “मोकळं.
आतलं समदं बघाय मिळतंय.”

मला काही तो फरक कळला नाही.
तिसऱ्या दिवशी गंगावेशीत
कट्ट्यापाशी ग्लासाची वाट बघत उभी होते.
म्हैस समोर, धार समोर.
कासेला हात घालायच्या आधी गवळ्यानं
चरवी उलटी करून दाखवली.
रिकामी.
पैसे मी मोजून दिले, ओठावरचा फेस पुसला.
पाणी घातलंय का, हे विचारायची
वेळच आली नाही.

म्हणजे असं, म्हटलं.

पण बोटं ऐकेनात.
वीस वर्षं जिथं ‘क’ राहत होता
तिथं कुणी भलतंच अक्षर बिऱ्हाडाला आलेलं.
सासरी पहिल्या सकाळी मिठाचा डबा शोधावा
तशी मी बटणं शोधत फिरले.
रात्री बसून जुन्या पत्रिका पुन्हा टाइप केल्या.
त्यातल्या किती जणींची पोरं आता लग्नाला आलीत.

आणि एक दिवस ‘वऱ्हाडी मंडळी’ छापलं
तर ‘र’ उडी मारून
‘ह’च्या डोक्यावर जाऊन बसलेला.
“बघ,” मालक म्हणाले, “फुकटचं.”

मी त्या अक्षरवाल्यांना लिहिलं,
मोडक्या इंग्रजीत, खाली हातानं चित्र काढून:
आमच्या मराठीत कधीकधी ‘र’
असा आडवा होतो,
दमून लवंडलेल्या माणसासारखा.
त्याला उभा करू नका.

रात्री दोन वाजता कुणाचं तरी उत्तर आलं.
नाव नाही, नुसतं एक अक्षर.
“दिसलं. बघतो.”
कुठल्या गावचा, बाई की बाप्या,
अजून मला माहीत नाही.

पाच महिने गेले. पत्रिकांत मी
‘वऱ्हाडी’ टाळून ‘पाहुणे’ लिहीत राहिले.
मग नवी आवृत्ती आली
आणि ‘र’ गुपचूप आडवा झाला.
माझ्याकडं, आणि ज्यांनी कधी तक्रार केली नाही
त्या सगळ्यांकडं.

त्याच आठवड्यात वडणग्याच्या बचत गटाचं पान केलं.
वर मोठ्या अक्षरांत:
कांदा-लसूण मसाला, तीन तऱ्हा.
इंदुबाईंनी फोन लांब धरला, जवळ धरला,
सुनेला दाखवला.
मी श्वास धरून उभी.

“रंग जरा फिका आलाय गं,” त्या म्हणाल्या,
“आमचं तिखट ह्यापरास लाल हाय.”

‘तऱ्हा’कडं त्यांचं लक्षही गेलं नाही.